मागच्या गाडीला ब्रेक कोण लावणार?

नारायण पेठेत ट्रॅव्हल ट्रेलर कोणाकडे नाही. घेतलाच कोणी, तर तो ठेवायचा कुठे हा प्रश्न त्याच्या किमतीपेक्षा मोठा ठरेल. केळकर रस्त्यावर स्कूटर लावायची तर आधी तारखेप्रमाणे पी-वन की पी-टू ते बघावं लागतं. तिथे गाडीच्या मागे जोडलेलं दोन चाकांवरचं पंधरा फुटी घर, आत गादी, ओटा, पाण्याची टाकी, असं सगळं घेऊन मोदी गणपतीच्या बाजूने जो वळून दाखवील त्याचा पेठ जाहीर सत्कार करील. तरीही ट्रेलरच्या ब्रेकबद्दल मी जे काही शिकलो ते या पेठेतच, आमच्या शेजारच्या काकांच्या बैठकीच्या खोलीत.

यात नवल काही नाही. पिंपरी-चिंचवडच्या कारखान्यांत आयुष्य घालवून निवृत्त झालेली एक सबंध पिढी पेठांतून बसलेली आहे, आणि तिची मुलं, भाचे, पुतण्या डेन्व्हर, डॅलस, मेलबर्नला. करोनाच्या काळात विमानं नि हॉटेलं बंद झाली तेव्हा अमेरिकेत असे ट्रेलर धडाधड विकले गेले, आणि त्यात मराठी घरंही होती. शनिवारी सकाळी निघायचं, डोंगरात कुठेतरी गाडी लावायची, ट्रेलरच्या ओट्यावर पोहे करायचे. ट्रेलर विकत घेईपर्यंत त्यांना इकडच्या कोणाची आठवण होत नाही. प्रश्न पडायला लागले की फोन पेठेत येतो.

काका टेल्कोत होते. ‘टाटा मोटर्स’ त्यांच्या तोंडात अजून बसलेलं नाही. उमेदीची बरीच वर्षं ब्रेकच्या कामात गेली. त्यामुळे इतर लोक गाडीचा ॲव्हरेज विचारतात तसे ते गाडी थांबायला किती अंतर घेते ते विचारतात. त्यांची पुतणी डेन्व्हरजवळ राहते. तिने छोटा ट्रेलर घेतला, एकाच आसाचा, सामानसुमान आणि पाणी भरल्यावर सुमारे १,३५० किलो. ओढायला मध्यम आकाराची एसयूव्ही. विकणाऱ्याने सांगितलं होतं, की तुमची गाडी पाच हजार पौंड ओढते, हा भरून तीन हजारांचा, मग चिंता कसली? ब्रेक कंट्रोलर म्हणून एखादा स्वस्तातला बसवून टाका.

“ओढते ते कळलं,” काका म्हणाले. “थांबवते किती, ते विचारलंस?”

“काका, ते वेगळं असतं?”

“अगं, तेच तर असतं!”

ओढण्याची ताकद जाहिरातीत छापतात, आणि लोकही ओढण्याचाच विचार करतात. गाडी थांबवण्याचा हिशेब मात्र निराळा आहे. ताशी ८० किलोमीटरने जाणाऱ्या १,३५० किलोच्या ट्रेलरमध्ये सव्वातीन लाख ज्यूलच्या वर ऊर्जा असते. थांबायचं तर ती सगळी कुठल्या तरी ब्रेकमध्ये उष्णता होऊन जायला हवी. ट्रेलरला स्वतःचे ब्रेक नसले तर ती पुढच्या गाडीच्या ब्रेकवर येते, आणि नुसती येत नाही, गाडीला मागून ढकलत येते. रस्ता ओला असेल, वळण असेल, तर हा धक्का सरळ रेषेत राहत नाही. ट्रेलर एका बाजूने पुढे सरकू बघतो आणि गाडी-ट्रेलरचा काटकोन होतो. म्हणून कायदाही ट्रेलरने स्वतःचे ब्रेक आणावेत असंच म्हणतो. अमेरिकेतल्या पुष्कळ राज्यांत ही मर्यादा ३,००० पौंडांची, म्हणजे १,३६० किलोंची आहे. कॅलिफोर्नियात ती १,५०० पौंडांवर येते. युरोप आणि ऑस्ट्रेलियात ७५० किलोंच्या वर ब्रेक हवेतच. पुतणीचा ट्रेलर तीन हजार पौंडांच्या काठावर होता, आणि काठावर आहे म्हणजे सुटलो असं तिला कोणीतरी सांगितलेलं. काकांनी तो मुद्दा ऐकूनही घेतला नाही. ट्रेलरच्या चाकांत कारखान्यातूनच ब्रेक बसवून आले होते. ते चालवायचे कोणी आणि कसे, एवढंच ठरवायचं होतं.

आता हे ब्रेक कसे असतात ते जरा जवळून बघायला हवं. पुतणीने एका रविवारी जॅक लावून चाक काढलं, ड्रम ओढून बाहेर घेतला आणि फोन आत धरला. ड्रम ब्रेक आपल्या ओळखीचाच: दोन अर्धगोल शू, त्यांना लायनर, त्यांना मागे खेचणाऱ्या स्प्रिंगा. पण सिलिंडर नाही आणि तेलाची नळी नाही. त्याऐवजी खाली एक लांबट गोल चकती, तिच्यातून दोन वायरी निघालेल्या. ते विद्युतचुंबक. वीज आली की ते ड्रमच्या आतल्या सपाट पृष्ठभागाला चिकटू बघतं. ड्रम फिरत असतो, तो चुंबकाला आपल्याबरोबर फरफटत नेतो. चुंबक एका दांड्याच्या टोकाला बसवलेलं असतं, तो दांडा वळतो आणि त्याचं वरचं टोक दोन्ही शूंना बाहेर लोटतं. बारा व्होल्टला एक चुंबक साधारण तीन अँपियर घेतं. दोन चाकांचे मिळून सहा. एवढ्याशा विजेत हे काम होतं, कारण शू दाबायचं बळ विजेचं नसतंच, फिरणाऱ्या चाकाचं असतं. वीज फक्त सुरुवात करून देते. म्हणूनच गाडी उभी असताना किंवा मागे घेताना हे ब्रेक दुबळे पडतात. चढावर ट्रेलर उभा करून ‘ब्रेक आहेत की’ म्हणत निर्धास्त राहण्यात अर्थ नाही. चाकांना अडण लावायचीच.

म्हणजे चुंबकाला वीज किती आणि केव्हा पाठवायची, हा सगळा प्रश्न. ते ठरवणारी डबी म्हणजे ब्रेक कंट्रोलर. ती चालकाच्या गुडघ्याजवळ, डॅशबोर्डच्या खाली बसते. चार वायरी: बॅटरीकडून वीज, अर्थिंग, ब्रेकच्या पेडलकडून इशारा, आणि मागच्या सात पिनांच्या सॉकेटमधून ट्रेलरकडे जाणारी निळी.

स्वस्तातला प्रकार टायमरवर चालतो. पेडल दाबलं, मागचा लाल दिवा लागला, की डबीला इशारा मिळतो. मग ती शून्यापासून तुम्ही ठरवून ठेवलेल्या कमाल आकड्यापर्यंत वीज चढवत नेते, ठरवून ठेवलेल्या वेळात. तुम्ही पाय हळूच टेकवलाय की समोर हरीण आलं म्हणून पेडलवर उभे राहिलाय, हे तिला कळत नाही. सिग्नलला सावकाश थांबताना ट्रेलर उगाच गाडीला मागे खेचतो, आणि खरोखर जोरात थांबायचं असतं तेव्हा पहिला क्षणभर तो नुसता ढकलत राहतो. मोठ्या वेगात तो क्षण फार लांब असतो.

दुसरा प्रकार प्रमाणात चालणारा. याच्या पोटात गाडीचा वेग किती झपाट्याने कमी होतोय हे जाणणारा भाग असतो, पूर्वी खरोखरचा लोलक, आता बोटाच्या पेरापेक्षा लहान चिप. गाडी जितकी जोरात थांबतेय तितकी जास्त वीज मागे. टेकॉन्शा कंपनीचा प्रॉडिजी पी-थ्री हा अमेरिकेत या जातीतला बहुतेकांच्या ओळखीचा. ऑस्ट्रेलियात ॲडलेडच्या रेडार्कचा टो-प्रो एलिट, ज्याची डबी डॅशच्या आत कुठेही लपते आणि बाहेर फक्त एक गोल बटण दिसतं. टायमरवाला साठ-सत्तर डॉलरला मिळतो, हा दीडशेच्या आसपास आणि पुढे.

तिसराही एक आहे, मोठ्या पिकअप ट्रकांत कारखान्यातूनच बसवून येणारा. तो गाडीच्या स्वतःच्या ब्रेकमधला दाब वाचतो आणि एबीएसशी बोलतो. तो असला तर बाकी चर्चा थांबवावी. पुतणीच्या गाडीत नव्हता. आणि अलीकडे आलेला चौथा, मागच्या सॉकेटमध्येच खुपसायचा आणि फोनवरून चालवायचा. डॅशच्या खाली वायरी ओढायला नकोत म्हणून तिला तो आवडला होता. काकांनी विचारलं, “आणि ऐनवेळी फोनवर तुझ्या सासूबाईंचा कॉल आला तर?” खरं तर अशा डबीला रोजच्या ब्रेकसाठी फोन लागत नाही, तो फक्त आकडे बदलायला आणि हाताने ब्रेक लावायला लागतो. पण हाताने ब्रेक लावायची वेळ येते ती संकटातच, आणि तेव्हा काचेवर बोट फिरवत बसण्यापेक्षा हाताशी दांडा असलेला बरा, हे मला पटलं.

‘किती आणि केव्हा’ हा प्रश्न आपल्याकडे कोणी सोडवलाच नाही असं नाही. जळगावचा श्रीराम रथोत्सव १८७२ पासून कार्तिकी एकादशीला निघतो. रथ ओढायला दोराला शेकडो हात असतात. त्याला थांबवायला आणि वळवायला मोजकीच माणसं, चाकांशी वाकून चालणारी. त्यांच्या हातात मोगरी असते, चाकाखाली सारायचा लाकडी ठोकळा. पारोळ्याच्या बालाजीच्या रथालाही मोगरीच. ठोकळा पूर्ण आत गेला तर रथ जागीच अडतो, एका बाजूने निसटता लावला तर त्या अंगाला वळतो, आणि उशीर झाला तर गर्दीत शिरतो. मोगरी लावणारा दोराकडे बघत नाही, चाकाकडे बघतो. दोर ओढणाऱ्यांनी जोर वाढवला की त्याला ते चाकावरून कळतं आणि तो त्या मानाने ठोकळा सरकवतो. टायमरवाल्या डबीत नेमकं हेच नसतं. तिला चाकाची खबर नसते.

“पण तुमचा लोलक उतारावर फसत असेल ना?” हे मी विचारलं होतं. इंजिनिअर नसलेल्या माणसाला सुचणारी ही शंका आहे आणि मी ती बऱ्यापैकी अभिमानाने विचारली. गाडी उताराला लागली की तोंड खाली होतं, लोलक पुढे झुकतो. म्हणजे गाडी थांबत नसतानाही त्याला वाटणार की थांबतेय.

काकांनी उत्तर दिलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी ते खिशात सुतळीला बांधलेला एक नट घेऊन दारात उभे. आम्ही सासवडला गेलो आणि परत येताना दिवे घाट उतरणाऱ्या एसटीत खिडकीशी बसलो. याच घाटातून आषाढीच्या वारीत माउलींचा रथ वर चढतो, तेव्हा जादा बैलजोड्या लावतात, ते दृश्य वर्तमानपत्रांत दरवर्षी येतं. उताराचे फोटो कोणी काढत नाही. घाट लागण्याआधी सपाटीवर नट सरळ खाली लोंबत होता. उतार सुरू झाला, चालकाने गिअर खाली घेतला आणि इंजिन घुरघुरू लागलं. बस एकाच संथ वेगाने उतरत होती. वेग कमी होत नव्हता तरी नट पुढच्या बाकाच्या दिशेने झुकलेला.

“फसला?” काकांनी विचारलं. “ही बस मोकळी सोडली असती तर घसरगुंडीसारखी वेग घेत गेली असती. तेव्हा हा नट बसच्या जमिनीला काटकोनात राहिला असता, कारण बसबरोबर तोही पडत असता. आता तो पुढे झुकलाय कारण बसला काहीतरी धरून ठेवतंय. इंजिन धरतंय. हा नट वेग मोजत नाहीच, वेगातला फरकही मोजत नाही. बसला मागे किती बळाने धरलंय ते मोजतो. आणि तेच आपल्याला हवंय.”

शेजारच्या बाकावरच्या बाई, मांडीवर सीताफळांची पिशवी घेऊन, नटाकडे बघत होत्या. त्यांनी विचारलं, हे लंबकाने जमिनीतलं पाणी बघता का तुम्ही. काका म्हणाले, नाही, ब्रेक बघतो. बाईंनी खिडकीतून खाली दरीकडे पाहिलं आणि पिशवी घट्ट धरली.

म्हणजे उतारावर इंजिनाने गाडी धरलेली असताना चालकाने पेडलला नुसता पाय लावला, की जुन्या लोलकाच्या डबीतून ट्रेलरला लगेच थोडा ब्रेक मिळतो. काही लोक याबद्दल तक्रार करतात, की उतारावर ट्रेलर जरा जास्तच धरतो. काकांच्या मते ती तक्रार नव्हे, गुण आहे: घाटात ट्रेलरने आपल्या वाट्याचं वजन स्वतः धरावं. मला वाटतं यात थोडा टेल्कोचा अभिमान मिसळलेला आहे, कारण चढावर किंवा खाचखळग्यांत साध्या लोलकाला उगाच हेलकावे बसतात हे त्यांनीच नंतर कबूल केलं. आताच्या चिपा असे हेलकावे बऱ्यापैकी गाळतात. टायमरची बाजूही सांगायला हवी. सपाट मुलुखात, हलका ट्रेलर, वर्षातून दोनदा जवळच्या तळ्यापर्यंत, एवढंच करायचं असेल तर तो चालतो. तो कसाही तिरका बसवला तरी बिघडत नाही, आणि त्याला बिघडायला आत फारसं काही नसतंही.

पण पुतणी सपाट मुलुखात राहत नव्हती. डेन्व्हरहून पश्चिमेला जायचं म्हणजे आयझेनहॉवर बोगदा ओलांडायचा, आणि पलीकडे सिल्व्हरथॉर्नपर्यंत सात टक्क्यांचा उतार. बोरघाटातला रेल्वेचा चढ सदतीसास एक, म्हणजे तीन टक्क्यांच्याही आत. या उतारावर रस्ता सुमारे ७०० मीटर खाली येतो. १,३५० किलोचा ट्रेलर तेवढा खाली आणायचा म्हणजे ९० लाखांहून अधिक ज्यूल. काकांनी पाठकोऱ्या कागदावर भागाकार केला आणि कागद कॅमेऱ्यासमोर धरला: ताशी ८० वरून अठ्ठावीस वेळा थांबण्याइतकी उष्णता, मध्ये थंड व्हायला वेळ न देता. एवढी सगळी ड्रमवर टाकली तर लायनर तापून गुळगुळीत होतात, पेडल दाबलं तरी पकड येत नाही. म्हणून कंट्रोलर कितीही चांगला घेतला तरी घाट उतरायचा तो खालच्या गिअरमध्ये, इंजिनाच्या जोरावर, आणि ब्रेक अधूनमधून ठाम लावून सोडायचे, घासत ठेवायचे नाहीत. पुण्याच्या माणसाला हे सांगायला कोलोरॅडोला जायची गरज नाही. कात्रजच्या नव्या बोगद्यापासून नवले पुलाकडे येणारा उतार रोज हे शिकवतो. २० नोव्हेंबर २०२२ च्या रात्री तिथे एका अवजड वाहनाने कित्येक गाड्यांना धडका दिल्या. त्या उतारावरच्या अपघातांमागे डिझेल वाचवायला गाडी न्यूट्रलमध्ये सोडण्याची सवय वारंवार पुढे आली आहे. न्यूट्रलमध्ये टाकलं की इंजिनाचा हात सुटतो आणि सगळा भार लायनरवर.

आणि ओढणाऱ्या-ओढल्या जाणाऱ्याची आपली खरी जोडी तर अजून यायचीय. कार्तिकात कारखान्यांचे गाळप हंगाम सुरू झाले की पश्चिम महाराष्ट्राच्या रस्त्यांवर उसाने भरलेल्या दोन-दोन ट्रॉल्या एका ट्रॅक्टरमागे निघतात. ट्रॅक्टर स्वतः दोनेक टनांचा, मागे पंधरा-वीस टन ऊस. ट्रॅक्टरला ब्रेकची पेडलं दोन असतात, डाव्या चाकाचं एक, उजव्याचं एक. शेतात तासाच्या टोकाला चटकन वळायला ती सुटी ठेवतात. रस्त्यावर आल्यावर मधली पट्टी लावून दोन्ही जोडायची असतात. ती लावायची राहिली आणि पाय एकाच पेडलवर पडला तर एकच चाक अडतं आणि ट्रॅक्टर गर्रकन आडवा होतो, मागचा ऊस ढकलतच असतो. ट्रॉलीला चालते ब्रेक असतात का? चालकांना विचारा, ते हसतात. उतारावर पहिला गिअर, एवढीच काय ती तजवीज. पेठेतसुद्धा विसर्जनाच्या मिरवणुकीत मंडळांचे रथ ट्रॅक्टरमागे येतात, पण तिथे वेग पायी चालण्याचा आणि चाकाशी दोन-चार कार्यकर्ते दक्ष, म्हणून निभावतं. उसाच्या ट्रॉलीपाशी चालणारं कोणी नसतं. महाराष्ट्र सरकारने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं, ते चांगलंच झालं. पण आपल्याकडे कॅराव्हॅन म्हणजे बहुतेक करून इंजिनासकट एकसंध गाडी. ओढायच्या ट्रेलरचा खरा पसारा आहे तो उसाचा, आणि ब्रेकची चर्चा व्हायची तर आधी तिथे व्हायला हवी. वेताळ टेकडीवर एआरएआयसारखी वाहनं तपासणारी संस्था १९६६ पासून असलेल्या शहरात ही चर्चा परावर्तकांच्या, म्हणजे रिफ्लेक्टरच्या लाल पट्ट्यांपाशीच येऊन थांबते. पट्टी मागच्याला वाचवते. पुढच्याचं काय?

असो. पुतणीने शेवटी प्रमाणात चालणारी डबी घेतली. काकांचा आग्रह त्यापुढच्या वायरीसाठी होता. तिच्या गाडीत डॅशखाली तयार प्लग नव्हता, तेव्हा बॅटरीपासून वेगळी वायर ओढणं आलं. गॅरेजवाला बारीक वायर वापरू बघत होता. “सहा अँपियर तर आहेत,” असं त्याचं म्हणणं. पण बॅटरी पुढे, चुंबकं थेट ट्रेलरच्या चाकांत, मध्ये लांबच लांब अंतर. बारीक वायरमध्येच दोन-तीन व्होल्ट खपले तर चुंबकाच्या हाती काय लागणार? तपकीर गल्लीतल्या विजेच्या दुकानातला कुठलाही पोरगा हे सांगेल. जाड वायर पडली, बॅटरीपाशी ब्रेकर बसला.

मग डबी लावून घ्यायचा दिवस. डेन्व्हरला सकाळचे आठ, पेठेत संध्याकाळचे साडेसात. सुट्टीमुळे रिकाम्या पडलेल्या शाळेच्या पार्किंगमध्ये पुतणी गाडी-ट्रेलर घेऊन उभी, तिचा नवरा बाहेर फोन धरून. आधी थोडं चालवून, दोन-चारदा ब्रेक लावून ड्रम कोमट करून घेतले, कारण थंड ब्रेकवर लावलेला आकडा गरम ब्रेकवर खोटा ठरतो. मग ताशी पंचवीस मैल. गाडीच्या पेडलला पाय न लावता फक्त डबीवरचा दांडा पूर्ण दाबायचा, म्हणजे ब्रेक एकट्या ट्रेलरला.

“आकडा किती?”

“साडेपाच, काका.”

“चाकं अडली?”

नवऱ्याने ओरडून सांगितलं, नाही.

“अर्ध्याने वाढव. परत फिरून ये.”

सहाला ट्रेलरने चांगलं धरलं. साडेसहाला बाहेरून चिरका आवाज आला, उजवं चाक घासत गेलं आणि डांबरावर काळा पट्टा उमटला. पुतणी खूश झाली, ब्रेक केवढे कडक आहेत म्हणून. काका वैतागले. अडलेलं चाक घसरतं, आणि घसरणारं चाक कुठल्याही बाजूला जाऊ शकतं. आपल्याला हवी ती अडण्याच्या अलीकडची जागा. आकडा परत सहावर. “आणि हा कायमचा नाही. पाण्याची टाकी रिकामी असेल, पाऊस असेल, खडीचा रस्ता असेल, तर पुन्हा बघायचं.”

हाताच्या दांड्याचा दुसरा उपयोगही त्यांनी तेव्हाच घोकून घेतला. बाजूने मोठा ट्रक सपकन गेला किंवा वारा लागला की ट्रेलर शेपटासारखा डावी-उजवी करायला लागतो. अशा वेळी गाडीचा ब्रेक दाबला तर ट्रेलर पुढे येऊन आणखी झोकांडतो. स्टिअरिंग सरळ, ॲक्सिलरेटर सोडलेला, आणि दांड्याने एकट्या ट्रेलरला हलकेच ब्रेक, म्हणजे तो मागे ताणला जाऊन रेषेत येतो. पण मुळात तो डोलतो का, तर बहुधा वजन मागे भरल्यामुळे. ट्रेलरच्या एकूण वजनाचा दहा ते पंधरा टक्के भार पुढे, हिचच्या गोळ्यावर पडायला हवा. पुतणीने दोन सायकली आणि लाकडाच्या मोळ्या ट्रेलरच्या मागच्या टोकाला बांधल्या होत्या. त्या पुढे आल्या. भरण्यातली चूक निस्तरणारी डबी अजून निघालेली नाही.

सगळं झाल्यावर काकांनी सांगितलं, “आता पिन ओढ.”

ट्रेलरच्या पुढच्या दांड्यावर एक छोटा स्विच असतो, त्यात पिन, पिनेला तारेचा दोर, आणि दोराचं दुसरं टोक गाडीला. ट्रेलर हिचवरून निसटलाच आणि साखळ्याही तुटल्या, तर दोर ताणला जाऊन पिन बाहेर येते आणि ट्रेलरवरचीच छोटी बॅटरी चुंबकांना सगळी वीज देते. ट्रेलर आपला आपण थांबतो. हा विचार रेल्वेचा आहे. बोरघाटातून गाड्या धावू लागल्या १८६३ मध्ये. तेव्हा ब्रेक लावणारी माणसं डब्यांवर असत आणि गाडी सुटलीच तर तिला अडवायला चढावर जाणाऱ्या आंधळ्या फाट्याचा रूळ टाकत. पुढे १८७०च्या दशकात वेस्टिंगहाउसने ब्रेकची रीतच उलटी केली: नळीत हवेचा दाब आहे तोवर ब्रेक सुटलेले, दाब गेला की लागलेले. आपल्याकडे वर्षानुवर्षं चाललेल्या व्हॅक्यूम ब्रेकचंही तत्त्व तेच. डबे तुटून मागे राहिले तर नळी फुटते आणि ते तिथेच थांबतात. छोट्या ट्रेलरला हवेची नळी परवडत नाही, म्हणून पिन आणि बॅटरी. फरक एवढाच, की रेल्वेत काही बिघडलं तर ब्रेक लागतात, आणि इथे बॅटरी बिघडली तर लागत नाहीत. अमेरिकेत व्यावसायिक ट्रेलरांच्या नियमात हे ब्रेक निदान १५ मिनिटं धरून राहिले पाहिजेत असं आहे.

पुतणीने पिन ओढली. “आता गाडी हळूच पुढे घे,” काका म्हणाले. चाकं अडायला हवी होती. ट्रेलर निमूटपणे गाडीमागे चालत आला.

बॅटरी पार उतरलेली होती. ट्रेलर विकणाऱ्याच्या आवारात किती महिने उभा होता कोण जाणे, आणि तिथे कोणी पिन ओढून पाहिली नव्हती. बॅटरीचा चार्जर काळ्या वायरीवरून चालतो, आणि गाडीच्या सॉकेटमधल्या त्या पिनेला वीजच येत नव्हती. गाडीच्या बॉनेटखाली एक फ्यूज बसवायचा राहिला होता. तो फ्यूज गाडीच्या डॅशबोर्डच्या खणात, प्लास्टिकच्या पिशवीत, माहितीपुस्तिकेसोबत मिळाला. पुतणीने तो बसवला, नवी बॅटरी मागवली, आणि त्या शनिवारचं जाणं पुढच्या शनिवारवर ढकललं. काकांनी तिला पिनेचा दोर साखळीला न अडकवता गाडीच्या चौकटीला वेगळा अडकवायला सांगितलं आणि दर सहलीआधी पिन ओढून बघायची, असं वचन घेतलं. मग फोन ठेवला, कारण साडेआठला त्यांचं जेवण असतं.